प्रयागबाईंचे तीस हजार, बिनविरोध

२२ ऑक्टोबर २०२५, बुधवार. पाडवा. सकाळी ७.१०

ही रोजनिशी खताच्या दुकानदारानं जानेवारीत फुकट दिली होती. दहा महिने कोरी पडून होती. आज दुकानाच्या वहीबरोबर हिलाही हळदीकुंकू वाहिलं. दुकान म्हणजे माझं, 'इंद्रजित डिजिटल'. झेरॉक्स, फ्लेक्स, ऑनलाइन फॉर्म.

संकल्प.
रोज पाचला उठणे. (आज सातला उठलो. सण असल्यामुळे.)
जगाच्या दहा वर्षं पुढे राहणे.
प्रयागबाईंच्या डिपॉझिटचा विषय कायमचा मिटवणे.

तिसऱ्याबद्दल थोडं लिहून ठेवतो. प्रयागबाई आमच्या खालच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहतात. एका खोलीत त्या आणि मुलगी प्रगती, दुसरीत बारामती एमआयडीसीतल्या कामगारांचे डबे होतात. माझाही दुपारचा डबा त्यांच्याकडूनच दुकानात येतो. तीन वर्षांपूर्वी राहायला आल्या तेव्हा तीस हजार डिपॉझिट रोख माझ्या हातात दिलं.

परवा फराळाचं ताट घेऊन वर आल्या. म्हणाल्या, इंदापूरला एसटी स्टँडसमोर गाळा बघितलाय, खानावळ टाकायची हाय, प्रगतीचं कॉलेजबी तितंच हाय. गाळामालकाला तीस नोव्हेंबरपर्यंत तीस हजार डिपॉझिट द्यायचंय, तर आपलं तेवढं आधी मोकळं करा दादा. मी लगेच हो म्हणालो. तोंडात चकली होती म्हणून जास्त काही बोललो नाही.

डिपॉझिट सुरक्षित आहे. फक्त सध्या रोख स्वरूपात नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सविस्तर हिशोब. तिसापैकी चौदा हजार ब्लॉकचेनच्या ऑनलाइन कोर्सला. सोळा हजार सेकंडहँड लॅपटॉपला. बेरीज तीस. एक रुपया इकडचा तिकडे नाही. याला कुणी खर्च म्हणेल, मी गुंतवणूक म्हणतो.

आणि आज त्या गुंतवणुकीतूनच आयडिया सुचली. घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणाचं मूळ काय, तर विश्वास. कोर्सवाले सर म्हणतात, विश्वास हा सिस्टीममधला सगळ्यात कच्चा भाग आहे, तोच काढून टाकायचा. स्मार्ट काँट्रॅक्ट! म्हणजे इंटरनेटवरची एक कुलूपबंद पेटी. डिपॉझिट तिच्यात ठेवायचं. पेटी कधी उघडायची याचा नियम आधीच लिहून टाकायचा. नियम पूर्ण झाला की पैसे आपोआप भाडेकरूच्या मोबाइलमध्ये. मधल्या काळात मालकाला त्यात हात घालता येत नाही.

मालकाला हात घालता येत नाही, हे दोनदा लिहावं लागलं. पेन अडकत होतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

नाव ठरलं, 'विश्वास रेंटचेन'. व्हिजिटिंग कार्डं छापली. दोनशे. स्वतःच्याच मशीनवर, म्हणजे फुकटच.

राजलक्ष्मीला सगळी सिस्टीम समजावून सांगितली. बायको म्हणून नाही, पहिली युजर म्हणून. ती भाजी निवडत ऐकत होती. शेवटी म्हणाली, पेटी झाली, कुलूप झालं, आता आत ठेवायला पैसे कुठं आहेत? तिचे प्रश्न टेक्निकल नसतात.

त्यावर उपाय आहे. शिकणाऱ्यांसाठी सरावाची नाणी फुकट मिळतात. किंमत शून्य, पण दिसतात खऱ्यासारखी. सध्या पेटीत ती तीस हजार ठेवायची. एक नाणं म्हणजे तत्त्वतः एक रुपया. नोव्हेंबरअखेरपर्यंत फ्लेक्सच्या धंद्यातून खरे तीस हजार उभे करायचे आणि पेटी उघडली की ते द्यायचे. याला पायलट प्रोजेक्ट म्हणतात.

यात फसवणूक कुठे आहे? कुठेच नाही. मी दोनदा तपासून बघितलं.

२ नोव्हेंबर, रविवार. दुपारी १.४०

पेटी कुणाच्या परवानगीनं उघडायची? कोर्सवाले सर म्हणतात तिघांपैकी दोघांची सही पुरे. मला पटलं नाही. दोन विरुद्ध एक म्हणजे मतदान आलं, मतदान आलं की गट आले. आपल्याकडे बिनविरोध झालं की मान. फेटे बांधतात, फोटो पेपरात येतो. दिल्लीच्या सरांना बिनविरोधची किंमत काय कळणार!

म्हणून पाच सह्या, पाचच्या पाच लागणार. यादी अशी. एक मी. दोन राजलक्ष्मी. तीन आमचे वडील, आबा. चार प्रयागबाई. यादी पूर्ण झाली असं वाटलं, मग आठवलं की हा प्लॉट आबा आणि संभाजीतात्या या दोघा भावांनी मिळून घेतलेला, अर्धं भाडं तात्यांना जातं. त्यांना वगळलं तर बोंब होईल. म्हणून पाच नंबरला संभाजीतात्या.

तात्या चार वर्षं आमच्याशी बोलत नाहीत. माझ्या बहिणीच्या, निकिताच्या लग्नपत्रिकेत 'आपले नम्र' खाली सख्ख्या काकाचं नाव पाचवं छापलं गेलं. वर मामांची नावं. पत्रिका मीच छापली होती. कॉलममध्ये जागा बसत नव्हती, बाकी काही हेतू नव्हता.

पण बटण दाबायला बोलावं लागत नाही. टेक्नॉलॉजीचा हाच फायदा.

१.५५. चढवलं! आता जगातल्या कुणालाही यात बदल करता येणार नाही. मलासुद्धा.

५ नोव्हेंबर, बुधवार

घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ॲप टाकलं. प्रयागबाईंनी विचारलं, ह्ये पतसंस्थेतल्या ठेवीवानी असतंय का. मी म्हणालो, त्याहून पक्कं. त्यांनी प्रगतीला बोलावून दाखवलं. दोघी बराच वेळ स्क्रीनकडे बघत होत्या.

आबांना वेळ लागला. चष्मा शोधण्यात अर्धा तास. मग विचारलं, ह्ये बटन दाबलं म्हंजी काय हुतं? मी म्हणालो, तुमची सही होते, की पैसे द्यायला माझी हरकत नाही. आबा म्हणाले, सही म्हंजी शब्द. शब्द द्यायच्या आदी पैसं हायत का बघावं लागतं. मग मी स्क्रीन दाखवली. ३०,०००. आबांनी शून्यं मोजली. काचेला दोन बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. लक्ष्मी म्हणून.

सरावाची नाणी आहेत हे त्याच क्षणी सांगणार होतो. पण आबांचा बीपी. उगाच चढायचा. आबांचे डोळे मिटलेले होते तेवढ्यात मी खाली बघून घेतलं.

आबा, राजलक्ष्मी आणि मी, तीन सह्या झाल्या. राजलक्ष्मीनं बटण दाबताना माझ्याकडे बघितलं. तिला सगळं माहीत आहे. तरी दाबलं. याचा अर्थ तिचा माझ्यावर विश्वास आहे. दुसरा काय अर्थ निघतो याचा मी विचार करत नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

सांगवीला तात्यांकडे गेलो. त्यांच्या उसाला तोड आलेली, बांधावर कोयत्यांचा आवाज. तात्या माझ्याशी बोलले नाहीत, पण काकूंनी चहा दिला. तात्या कुत्र्याकडे बघत बोलत होते आणि मी उत्तरं देत होतो. कुत्र्याला म्हणाले, ह्याला म्हनावं टाक काय टाकायचं त्ये. फोन पुढे सरकवला. मी ॲप टाकलं.

सगळं नीट चाललं होतं. मग त्यांना यादी दिसली. पाच नंबर, संभाजी.

चार वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी बोलले. म्हणाले, हितंबी पाचवाच का? मी समजावलं की कॉम्प्युटरमध्ये क्रमाला काही अर्थ नसतो. तात्या म्हणाले, पत्रिकेच्या टायमालाबी तू ह्येच म्हनला हुतास. मग बदल की. मी म्हणालो, बदलता येत नाही, तीच तर याची ताकद आहे. तात्यांनी फोन खिशात घातला आणि उसात निघून गेले.

तात्यांच्या सहीवाचून पेटी बंद. मनाला फार लागलं. आश्चर्य म्हणजे परत येताना गाडीवर मी शीळ घालत होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मनात कुठेतरी येतं की तात्यांची सही झाली नाही तर पैसे द्यायचा प्रश्न उद्भवत नाही आणि दोष सिस्टीमचा ठरतो. हा विचार माझा नाही. डोक्यात आला एवढंच.

आर्थिक बाजू भक्कम. जवळच्याच एका गावात सोसायटीची निवडणूक लागली आहे. दादासाहेब नावाचा इच्छुक आला होता. एक्केचाळीस फ्लेक्स, हात जोडलेले, मागे ऊस. एकतीस हजारांचं काम! बिल निकालानंतर. म्हणजे प्रयागबाईंचे तीस बाजूला काढून वर एक हजार उरतात. त्यातून राजलक्ष्मीला साडी.

१६ नोव्हेंबर, रविवार

प्रयागबाई जिन्यात भेटल्या. तात्यांचं काय झालं म्हणून विचारलं. मी म्हणालो, टेक्निकल इश्यू आहे, सर्व्हरच्या बाजूनं. त्या म्हणाल्या, मी जाऊन बोलू का? मी म्हणालो, नको, प्रोटोकॉल असतो, मीच जातो.

तात्यांकडे जाण्याचे या आठवड्यातले प्रयत्न : सोमवारी गाडी पंक्चर. मंगळवारी फ्लेक्सचं काम. बुधवारी अमुक. गुरुवारी बाजार, ट्रॅफिक. शुक्रवारी जाण्यासारखं वातावरण नव्हतं.

आजकाल मी मागच्या जिन्यानं उतरतो. व्यायाम म्हणून, मागच्या जिन्याला सहा पायऱ्या जास्त आहेत.

काल डब्यात वांग्याचं भरीत होतं. मला आवडतं हे प्रयागबाईंना माहीत आहे, म्हणून एक भाकरी जास्त. घास गिळताना त्रास झाला. भाकरी कडक झाली असावी. राजलक्ष्मीला दिली तर ती म्हणाली, मऊसूत आहे की.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दादासाहेबांनी अर्ज मागे घेतला. गाव एकत्र बसलं, जागा बिनविरोध झाली, दादासाहेबांना फेटा बांधला. ते स्वतः नारळ घेऊन दुकानात आले. म्हणाले, फ्लेक्स आता काय कामाचं न्हाईत, तुमीच ठेवा, पाठीमागं कोरं हाय, पत्र्यावर टाकायला हुतील. दोन हजार दिले. उरलेल्या एकोणतीस हजारांबद्दल म्हणाले, गावाच्या एकीपुढं पैसा काय हाय इंद्रजितराव?

मी बिनविरोधच्या तत्त्वाच्या विरोधात कधीच नव्हतो. आजही नाही. पण त्याला काही मर्यादा असायला हवी.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

राजलक्ष्मी म्हणाली, सांगून टाका. प्रयागबाईंना आत्ताच सांगितलं तर त्या दुसरीकडून काहीतरी जमवाजमव करतील, अजून नऊ दिवस आहेत. मी म्हणालो, पायलट चालू असताना असं मध्येच काही जाहीर करता येत नाही. ती म्हणाली, चोराच्या मनात चांदणं. ती टीव्हीवरच्या मालिकेबद्दल बोलत असावी. टीव्ही बंद होता.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रयागबाई म्हणाल्या, गाळामालक कुणीतरी जबाबदार माणूस घेऊन या म्हनतोय, तुमी चला दादा. नाही म्हणायला कारण शोधत होतो, तेवढ्यात त्या मागे बसल्यासुद्धा. गाडीवर इंदापूर.

गाळामालक ऋषिराज, तिशीतला मुलगा, व्यवहाराला चोख. म्हणाला, मोबाईलच्या दुकानवाला मागं लागलाय, रोख द्यायला तयार हाय. पन बाई आदी आल्या म्हनून मी थांबलोय. तीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत. पैसे येणार का नक्की, हे त्यानं मला विचारलं. मी व्हिजिटिंग कार्ड दिलं. म्हणालो, येणार. ब्लॉकचेनवर लॉक आहेत, कुणी हात लावू शकत नाही. त्याला पटलं. मी चांगलं बोलतो, हा माझा एक दोष आहे.

आम्ही बोलत होतो तेव्हा प्रयागबाई रिकाम्या गाळ्यात फिरत होत्या. भिंत वितीनं मोजत होत्या. मग मला बोलावून दाखवलं. हितं शेगडी. हितं हात धुवायला. हितं तीन टेबलं, दोन आत, एक दारात, म्हंजी स्टँडवरनं मानूस दिसतंय जेवताना, तवा दुसरं मानूस येतंय. वीस वर्षं दुसऱ्याच्या डब्यात भरलं दादा, आता मानूस माज्यापुढं बसून जेवंल.

मला फार वाईट वाटलं. इथे दुसरं काही कारण लिहिता येत नाही. वाईट वाटलं.

येताना सांगावं असं ठरवलं होतं. लासुर्ण्याला. मग लासुर्णं मागे गेलं म्हणून पुढच्या गावात. मग बारामती आली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

लॅपटॉप विकायला नेला. दुकानदारानं पालथा करून बघितला. बॅटरी फुगलीये, साडेचार हजार. नाइलाजानं तयार झालो. त्यानं पैसे मोजले. मग लक्षात आलं की लॅपटॉप गेला तर सिस्टीम कोण चालवणार, प्रयागबाईंचं हित बघायला कुणीतरी हवं. परत घेऊन आलो.

जवळ दोन हजार आणि एक नारळ. सुदैवानं तात्या अजून रुसलेले आहेत.

वरचं वाक्य खोडायचं आहे. राहू दे.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

तात्यांची सही झाली.

फोनवर टिंग वाजलं. बघितलं तर चार सह्या पूर्ण. प्रयागबाई सकाळच्या एसटीनं परस्पर सांगवीला गेल्या होत्या. प्रोटोकॉल वगैरे काही नाही, पिशवीत शेंगदाण्याच्या पोळ्या. काकूंनी राजलक्ष्मीला फोनवर सगळं सांगितलं. प्रयागबाई म्हणे तात्यांना म्हणाल्या, माजी सही मी अजून केली न्हाय. यादीत मी चौथी हाय, पन घरातलं थोरलं मानूस ऱ्हायलं असताना मी तुमच्या आदी कशी करू? तात्यांनी दोनदा विचारलं, तुमी खरंच थांबलाय? मग त्यांनी स्वतःहून फोन काढला.

एवढ्या साध्या गोष्टीसाठी एसटीचं तिकीट किती लागतं? पस्तीस-चाळीस. माझ्याकडे गाडी होती.

उद्या संध्याकाळी प्रयागबाई आमच्या ओट्यावर सगळ्यांसमोर पाचवी सही करणार. तात्या येणार. चार वर्षांनी.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तात्या आले. काकू आल्या. आबा सकाळपासून धुवट सदरा घालून बसले होते, पण तात्या दारात दिसल्यावर म्हणाले, अरं, तू हिकडं कसा काय. तात्या म्हणाले, सहीचं काम हुतं. दोघं एका खाटेवर बसले. जरा वेळानं आबांनी आपल्या कपातला चहा बशीत ओतून तात्यांपुढे केला. तात्यांनी घेतला. काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

प्रयागबाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. बटण दाबायच्या आधी उंबऱ्याला हात लावला, तीन वर्षं राहिल्या म्हणून. मग दाबलं. चौदा सेकंदांत 'यशस्वी'. त्यांच्या फोनवर तीस हजार. बिनविरोध!

टाळ्या वाजल्या. प्रगतीनं फोटो काढले. तात्या उठून माझ्या पाठीवर हात ठेवून आबांना म्हणाले, पोरानं काम चोख केलं दादा, आजकाल भाडेकरूचं डिपॉझिट कोन असं परत देतंय? आबांनी मान डोलावली. आबांच्या चेहऱ्यावर ते होतं, जे मी दहावीला नापास होण्याच्या आधी शेवटचं पाहिलं होतं.

राजलक्ष्मी आत निघून गेली.

टेक्निकली पाहता ही सिस्टीम शंभर टक्के यशस्वी आहे. एकही एरर आली नाही. मला जेवण गेलं नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी ९. प्रयागबाई इंदापूरला गेल्या. जाताना वर येऊन सांगितलं, येती दादा. मी बाथरूममधून हो म्हणालो.

११.२०. फोन. दादा, मालक म्हनत्यात ह्ये पैसं खात्यात कसं वळवायचं? मी म्हणालो, रविवार आहे, सेटलमेंटला वेळ लागतो. ब्लॉकचेनला रविवार नसतो. हे कोर्समध्ये पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

१२.०५. फोन. घेतला नाही.

१२.३०. फोन बंद ठेवला. बॅटरी वाचावी म्हणून.

१.१०. चालू केला. सात मिस्ड कॉलचे मेसेज.

२ वाजता दोन हजार खिशात घालून गाडी काढली. इंदापूरला जाऊन प्रत्यक्ष बोलायचं, ऋषिराजकडे आठ दिवस मागायचे, स्वतःच्या तोंडानं सांगायचं. लासुर्ण्यापर्यंत गेलो. चहा घेतला. दुसरा घेतला. परत आलो.

संध्याकाळी ७.३०. प्रयागबाई एसटीनं परत आल्या. खिडकीतून दिसल्या. पिशवी तशीच भरलेली. सहा वाजता मोबाइलवाल्यानं रोख मोजले. गाळा गेला.

८.१५. आबांनी विचारलं, बाई परत का आली? मी सांगितलं. आधी सगळं नाही सांगितलं. मग सगळं. प्रयागबाईंचे तीस हजार मी तीन वर्षांपूर्वीच खर्च केले. पेटीत काही नव्हतं. त्यांना आणि तुम्हाला मी सरावाची नाणी दाखवली.

आबांनी चष्मा काढून डबीत ठेवला. मग एवढंच विचारलं, त्या दिवशी मी ज्याला हात लावून कपाळाला लावला, त्ये काय हुतं? मी म्हणालो, काही नव्हतं.

१ डिसेंबर, सोमवार

आबा सकाळी खाली प्रयागबाईंच्या दारात गेले. मी मागच्या जिन्यात उभा होतो. आबांनी हात जोडले. शहात्तर वर्षांचं माणूस. म्हणाले, बाई, सही माजी हुती. शब्द माजा हुता.

प्रयागबाई धावतच बाहेर आल्या. आबांचे हात धरले. म्हणाल्या, आबा, हात नका जोडू. तुमी तर बगून दाबलं हुतं.

माझं नाव दोघांपैकी कुणीही घेतलं नाही. मी वाट बघत होतो.

दोन मिनिटांत व्यवहार ठरला. इंदापूर राहिलं, त्या इथेच राहतील. दहा महिने भाडं द्यायचं नाही, महिना तीन हजार, दहा महिन्यांत डिपॉझिट फिटलं. तात्यांच्या वाट्याचं निम्मं भाडं मी दुकानातून भरायचं. वही नाही, पेटी नाही, सह्या नाहीत. तात्यांना आबांनीच फोन करून कळवलं. तिकडून तात्या काय म्हणाले ते आबांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

४ डिसेंबर, गुरुवार

डबा बंद होईल असं धरून चाललो होतो. तेवढं तरी व्हायला हवं होतं. आला, बरोबर साडेबाराला. मटकीची उसळ, तीन भाकऱ्या, कांदा फोडून. भाकरी मऊ होती.

व्हिजिटिंग कार्डं चण्याच्या भट्टीवाल्याला जाळायला दिली. एकशे नव्याण्णव होती.

१० डिसेंबर, बुधवार. दुपार

प्रयागबाई दुकानात आल्या. बरोबर प्रगती, दोघींनी मिळून पत्र्याचा एक बोर्ड उचलून आणलेला. इंदापूरच्या पेंटरला त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं, बोर्ड काल रंगवून झाला. पिवळ्यावर लाल अक्षरं. 'प्रगती खानावळ. घरगुती जेवण. एसटी स्टँडसमोर, इंदापूर.' पेंटरला पैसे दिलेले, तर वाया कशाला घालवायचा, हितंच खोलीवर लावावा म्हनती. खालच्या वळीवर एक पट्टी चिकटवून द्या, म्हणाल्या. 'एमआयडीसीजवळ, बारामती' अशी.

माप घेतलं. छापली. माझ्या मशीनचा पिवळा वेगळाच आला. पुन्हा छापली. पुन्हा वेगळा. त्या म्हणाल्या, चालंल. प्रगतीनं एक टोक धरलं, मी दुसरं. 'इंदापूर' झाकलं गेलं, पण पत्र्यावरच्या रंगाला उठाव होता, अक्षरं पट्टीखालून बोटाला लागत होती. मी दोनदा दाबून बघितली.

किती झालं, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काही नाही, राहू द्या. म्हणाल्या, धंद्याचं फुकट न्हाय घ्यायचं दादा. साठ रुपये काउंटरवर ठेवले. मी घेतले. मग त्या तिथेच उभ्या राहिल्या. मी विचारलं, अजून काही?

म्हणाल्या, पावती द्या.

आवाजात राग नव्हता. प्रगती बोर्ड धरून रस्त्याकडे बघत होती. तीन वर्षांपूर्वी याच काउंटरवर तीस हजार मोजून दिले, तेव्हा पावती मागितली नव्हती. मी देऊ केली होती, तर कशाला म्हणाल्या, हसल्या होत्या.

पावतीपुस्तक सापडायला वेळ लागला. तारीख घातली, रक्कम अक्षरी लिहिली, सही केली. त्यांनी प्रगतीकडून वाचून घेतली आणि घडी घालून पिशवीत ठेवली.